सावजी रश्श्यासमोर टिकणारी पेयं: तालुक्याच्या गावातलं जेवण आणि बार काउंटर कसं लावायचं

तिखट रश्श्यासोबत गोड, फसफसणारं कॉकटेल ठेवलं की दोन्हींचा बट्ट्याबोळ होतो. सोड्यातला वायू जिभेला आधीच टोचतो. त्यावर मिरचीचा जाळ चढला की गिऱ्हाईक अर्धा ग्लास बाजूला सारून पाण्याची बाटली मागतं, आणि पाण्यानं तो जाळ तोंडभर पसरतो. मोठ्या शहरातल्या बारचं मेनू कार्ड उतरवून आपल्याकडं लावणाऱ्यांचं इथंच बिनसतं. तिकडची पेयं चीज आणि फ्राईजसोबत घ्यायची. आपल्या टेबलावर येणार तर्री. म्हणून पेयांची यादी चुलीपासून ठरवायची, बाटल्यांच्या रॅकपासून नाही.

पुढचा हिशेब तीस-चाळीस खुर्च्यांच्या जागेसाठी आहे: एक आचारी, एक मदतनीस, काउंटरवर एक जण, वाढायला दोघं. एवढ्या माणसांत दहा पदार्थ आणि सहा पेयं नीट होतात. अठ्ठावीस पेयांचं कार्ड छापलं तर त्यातली वीस कुणी मागवत नाही, आणि एखाद्यानं मागवलीच तर लागणारं सिरप फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात आंबलेलं सापडतं.

परवान्याचं आधी बघा

जिल्हा कोणता यावर सगळं अवलंबून आहे. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. बाकी विदर्भात परमिट रूमसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-३ परवाना लागतो, आणि स्वयंपाकघरासाठी अन्न सुरक्षा परवाना वेगळा. वयाची अट सौम्य बिअर आणि वाइनला २१ वर्षं, बाकी दारूला २५. कॉलेजच्या पोरांचा घोळका आला की ओळखपत्र मागायला लाजू नका. रिकाम्या बाटलीत दुसरी दारू भरून ठेवणं हा गुन्हा आहे, मग ती "फक्त सोयीसाठी" भरलेली का असेना. हातभट्टीची मोहाची दारू कितीही वासाची आणि ओळखीच्या माणसाकडची असली तरी काउंटरवर आणायची नाही. त्यात मिथेनॉल आहे की नाही हे चवीवरून कळत नाही, आणि मिथेनॉलनं डोळे जातात, जीव जातो.

बंदीच्या जिल्ह्यात असाल तरी पुढचं वाचा. सहाही पेयं दारूशिवाय जमतात, आणि संत्र्या-अंबाडीची तर दारूशिवाय जास्त खपतात.

जाळ कशानं उतरतो

मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. ते तेलात विरघळतं. म्हणून तर्री तोंडात रेंगाळते. दुधातलं केसिन त्याला जिभेवरून धरून नेतं. याचा अर्थ ताक कार्डावर हवंच, आणि ते पाणचट चालणार नाही. एक वाटी सायीसकटच्या दह्याला दोन वाट्या पाणी, चिमूटभर भाजलेलं जिरं, मीठ, किसलेलं आलं, वरून बारीक सांबार. (पुण्या-मुंबईचा पाहुणा सांबार म्हणजे इडलीसोबतचं समजतो, तेव्हा कार्डावर "कोथिंबीर" लिहा आणि स्वयंपाकघरात सांबारच म्हणा.) चार वाट्या पाणी घातलं की ताक स्वस्त पडतं, पण जाळ उतरवत नाही, मग गिऱ्हाईक ताकाला नाही, रश्श्याला नावं ठेवतं.

दारूबद्दल उलटं आहे. कडक पेग जाळ वाढवतो. म्हणून जेवणासोबतची पेयं ३० मिलीची, लांब ग्लासात, आंबट-खारट आणि बेताची गोड. ६० मिलीची कडक पेयं चकण्यासोबत, जेवणाआधी. हा फरक वाढणाऱ्या पोराला नीट समजावून ठेवा, कारण टेबलावर सुचवणारा तोच असतो.

मापाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. पुस्तकी कृतींमध्ये ४५ मिली सर्रास असतं. आपल्याकडं गिऱ्हाईक पेग मोजतं. दीड पेगाचं पेय दिलं तर बिलावर वाद ठरलेला. ३० किंवा ६०, मधलं काही नको. ७५० मिलीच्या बाटलीत ३० चे २५ पेग बसतात. सांडलवंड धरून २४ चा हिशेब ठेवा. २२ निघत असतील तर हात सैल आहे, २६ निघत असतील तर गिऱ्हाइकाला कमी जातंय. दोन्ही वाईट, दुसरं जास्त.

पाणी आणि बर्फ

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी खारट. त्याच पाण्याचा बर्फ केला तर पेय पहिल्या घोटाला ठीक लागतं आणि पाचव्याला मचूळ, कारण तोवर बर्फ वितळून ग्लासात उतरलेला असतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. आरओ लावा आणि बर्फ, ताक, पाक, सगळं त्याच पाण्याचं करा. पिण्याला आरओ आणि बर्फाला बोअर, ही काटकसर फार ठिकाणी दिसते.

एका पेयाला घुसळायचा आणि ग्लासातला मिळून १५० ते २०० ग्रॅम बर्फ लागतो. संध्याकाळी ६० पेयं जात असतील तर १२ किलो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा दीडपट धरा. बर्फाचे तुकडे मोठे हवेत, एका बाजूनं निदान तीन सेंटिमीटर. फ्रीजच्या ट्रेतला बारीक, ओला बर्फ शेकरमध्ये घातला की दहा सेकंदांत पेय पाणी होतं. तुकडे आदल्या रात्रीच काढून डीप फ्रीजरमध्ये पिशवीत भरून ठेवा. वापरताना कोरडे, हाताला चिकटणारे हवेत. चकचकीत ओले दिसले तर ते आधीच वितळायला लागलेत.

कारखान्यातली लादी घ्यायची झाली तर रंग बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं आहे. निळसर झाक असलेली लादी बिअरच्या बाटल्या गार करायला वापरा, ग्लासात नको. आणि ज्या टबात त्या बाटल्या बुडवल्या त्यातला तुकडा चिमट्यानं उचलून ग्लासात टाकणारा माणूस प्रत्येक काउंटरवर असतोच, त्याच्यावर लक्ष ठेवा.

वीज जाणं गृहीत धरा. डीप फ्रीजर भरलेला असेल तर थंडावा बराच वेळ टिकतो, रिकामा असेल तर लगेच जातो. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवा. वीज गेल्यावर झाकण उघडायचं नाही. त्या वेळेसाठी दोन-तीन किलो बर्फ थर्माकोलच्या पेटीत आधीच वेगळा काढलेला हवा.

तीन बाटल्या कायम तयार

साखरपाक वजनानं करा: एक किलो साखर, एक लिटर पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम. उकळत ठेवला तर पाणी उडून प्रत्येक वेळी गोडी वेगळी येते. फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतो. उन्हाळ्यात काउंटरवर ठेवला तर लवकरच बुडबुडे धरतो.

गूळपाकही समभागाचा, पण गुळाला एक उकळी द्या आणि पातळ कापडातून गाळा. गाळलं नाही तर ग्लासाच्या तळाशी माती आणि चिपाडाचा भुगा. रसायन न मारलेला, काळपट गूळ चवीला चांगला.

मीठपाणी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षलेली गोष्ट. २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात, ड्रॉपरच्या बाटलीत. पेयात तीन-चार थेंब. खारट लागत नाही, पण संत्र्याचा कडवटपणा दबतो आणि लिंबाचा कोरडा आंबटपणा गोलसर होतो. चिमटीनं मीठ टाकलं तर ते थंड पेयात विरघळत नाही, शेवटच्या घोटात तोंडात येतं.

लिंबू रोजच्या रोज. एका कागदी लिंबाचा १० ते १५ मिली रस निघतो. पिळताना साल पूर्ण चेंबली की सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो, म्हणून शेवटचा थेंब सोडून द्या. उन्हाळ्यात लिंबू महागतं तेव्हा बाटलीतला तयार रस आणायचा मोह होतो. त्यापेक्षा त्या दिवसांत कैरीची पेयं पुढं करा. आंबटपणा फुकटात मिळतो.

संत्र्याचा रस कडू का होतो

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड हाकेच्या अंतरावर असताना डब्यातला संत्रा रस वापरणं लाजिरवाणं आहे. पण ताज्या रसाची एक खोड आहे, ती माहीत नसेल तर डब्यातलाच बरा वाटायला लागतो. दुपारी काढलेला गोड रस रात्री कडू होतो. रस खराब झालेला नसतो. संत्र्याच्या बिया आणि फोडींच्या पडद्यांत एक बेचव द्रव्य असतं. ते रसात उतरलं की रसातल्या आम्लामुळं काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. आपल्या नागपुरी संत्र्यात हा प्रकार चांगलाच जाणवतो. गरम केलं तर तो आणखी लवकर होतो, म्हणून रस उकळून टिकवायचा विचार सोडून द्या.

उपाय तीन. पहिला, मिक्सर अजिबात नको; त्यात बी फुटली की कडूपणा हमखास. दुसरा, फळ आडवं कापून हातदाबाच्या यंत्रात हलकं दाबा. संत्र्याची साल ढिली असते, मोसंबीसारखी घट्ट नाही, म्हणून टोकदार कोनावर फिरवायचं यंत्र पडदे फाडून काढतं. दाबाचं यंत्र बरं. दाबल्यावर लगेच बारीक गाळणीतून गाळा आणि गाळणीवरचा चोथा चमच्यानं रगडू नका. तिसरा, दोन तासांना पुरेल एवढाच रस काढा, तो बर्फावर ठेवा. मध्यम फळाचा साधारण ५० ते ६० मिली रस मिळतो, म्हणजे एका पेयाला एक फळ. गर्दीच्या वेळी फळं आधीच कापून ठेवण्यापेक्षा धुऊन, गार करून ठेवा. गार फळाचा रस शेकरमधला बर्फ कमी वितळवतो.

आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला. मृगाचं फळ जास्त गोड, म्हणून तेव्हा साखरपाक निम्मा करा. दोन्ही बहारांत एकट्या संत्र्याचा आंबटपणा दारूसमोर तोकडा पडतो. लिंबू घालावंच लागतं. बहार संपला की पेय कार्डावरून काढा. पाटी लावा: "संत्रा संपला, दिवाळीच्या सुमारास". लोकांना त्याचं वाईट वाटत नाही, उलट वाट बघतात.

अंबाडी, कैरी, बेल

लाल अंबाडीची बोंडं हिवाळ्यात स्वस्त मिळतात. बी काढून पाकळ्या सावलीत वाळवल्या की वर्षभर पुरतात. ५० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या एक लिटर पाण्यात पाच मिनिटं मंद उकळा, झाकून वीस मिनिटं ठेवा, गाळा, गरम असतानाच ५०० ग्रॅम साखर विरघळवा. भांडं स्टीलचंच. लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियमला हा आंबट अर्क लागला की रंग मळकट जांभळा होतो आणि धातूची चव येते. जास्त उकळलं तर गवतासारखा तुरट वास येतो. फ्रीजमध्ये आठवडाभर ठीक.

पन्ह्याचा गर निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीचा करा, उकडलेल्या नको. धुराचा वास रम-व्होडकाला शोभतो. एक किलो गराला ६०० ग्रॅम गूळ, दोन चमचे भाजलेलं जिरं, काळं मीठ. वेलची टाळा, ती मटणाशी भांडते. बेलाचं सरबत एप्रिल ते जून: गर तासभर पाण्यात भिजवून हातानं कुस्करा, चाळणीतून गाळा. मिक्सर इथंही नको, बियांभोवतीचा चिकट डिंक त्यात मिसळला की सरबत तारेसारखं ओढतं. बेल दारूसोबत फारसा जमत नाही. तो दुपारच्या जेवणासाठी.

सहा पेयं

संत्रा-रम. पांढरी रम ३० मिली, संत्र्याचा रस ६०, लिंबू १५, साखरपाक १०, मीठपाणी तीन थेंब. शेकर बर्फानं दोन तृतीयांश भरा, बारा सेकंद जोरात, शेकरवर दव धरेपर्यंत. ताज्या बर्फावर गाळून ओता. शेकरमधलाच बर्फ ग्लासात उपसायचा नाही, तो अर्धा वितळलेला असतो. रश्श्यासोबत हेच सगळ्यात चांगलं लागतं. दारूशिवाय: रस १००, लिंबू २०, बाकी तेच.

अंबाडी-जिन. जिन ३०, अंबाडीचा पाक ४०, लिंबू १०, गार पाणी ६०. शेकर नको, ग्लासातच लांब चमच्यानं वीस सेकंद ढवळा, म्हणजे रंग काचेसारखा स्वच्छ राहतो. घुसळलं की गुलाबी फेस येतो आणि गढूळ दिसतं. चकण्यासोबत कुणी मागितलं तर पाण्याऐवजी सोडा.

कैरी-पुदिना. व्होडका ३०, कैरीचा गर ५०, पुदिन्याची सहा पानं, गार पाणी ९०. पुदिना तळहातावर ठेवून एकदा टाळी वाजवा आणि टाका. खलात कुटला तर काळा पडतो, कडवट होतो आणि दातात अडकतो.

आलं-गूळ व्हिस्की. व्हिस्की ६०, लिंबू २०, गूळपाक २०, आल्याचा रस ५. पंधरा सेकंद घुसळून, छोट्या ग्लासात एका मोठ्या तुकड्यावर. आल्याचा रस दहा मिली झाला की बाकी काही लागत नाही, म्हणून तो ड्रॉपरनं मोजा. आपल्याकडं विकली जाते ती मुख्यतः व्हिस्कीच, आणि पाण्यासोबत घेणारा माणूस कॉकटेलकडं वळला तर या पेयामुळं वळतो. चांगली महाग व्हिस्की यात घालू नका. ती नुसती द्या.

लिंबू-काळं मीठ बिअर. आधी ग्लासात १५ मिली लिंबू आणि पाव चमचा काळं मीठ ढवळून घ्या, मग ग्लास तिरका धरून गार बिअर हळूहळू. उलटं केलं, म्हणजे भरल्या ग्लासात मीठ टाकलं, तर अर्धी बिअर टेबलावर. बिअर लवकर गार व्हावी म्हणून डीप फ्रीजरमध्ये टाकलेली बाटली विसरली की फुटते. घड्याळाचा गजर लावा. आणि क्रेट उन्हात उतरवू नका, हिरव्या बाटलीतल्या बिअरला उजेडानं कुबट वास येतो.

गरम रम. फक्त डिसेंबर-जानेवारी. गडद रम ६०, गरम पाणी १२०, गूळपाक १५, लिंबू ५, दोन लवंगा. पाणी उकळतं नको. उकळत्या पाण्यानं दारूची वाफ नाकात जाते आणि पहिल्याच घोटाला ठसका लागतो. उकळी येऊन दोन-तीन मिनिटं थांबलेलं पाणी बरोबर. हे चकण्याचं पेय, रश्श्याचं नाही.

चकणा: सांबारवडी आणि मुंगवडे

दुकानात मिळणारी शेव-शेंगदाणे ठेवा, पण नाव होतं ते सांबारवडीनं. तीच बिघडतेही जास्त. २५० ग्रॅम सांबार निवडून, धुऊन, कापडावर पसरून पूर्ण कोरडा करा. पंख्याखाली दोन तास. ओला राहिला तर तळताना आत वाफ धरते आणि वडी फुटून तेलात पाला पसरतो. कोरडा झाल्यावर बारीक चिरा. त्यात ५० ग्रॅम भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं, दोन चमचे भाजलेली खसखस, वाटलेली हिरवी मिरची, लसूण, थोडा गरम मसाला. मीठ अगदी शेवटी, भरायच्या क्षणी. आधी घातलं की सांबार पाणी सोडतो आणि दोन तासांची मेहनत वाया.

पारीला १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बेसन, हळद, तिखट, मीठ, तीन चमचे कडकडीत मोहन. घट्ट भिजवून अर्धा तास झाका. पुरीपेक्षा मोठी लाटा, आतून चिंचेचा घट्ट कोळ आणि तेल-मसाला यांचं बोट फिरवा, सारण भरा, पाकिटासारखी घडी घालून कडा पाण्यानं चिकटवा. आच मध्यम. मोठ्या आचेवर वरून लाल होते आणि आत मैदा कच्चा, चिकट राहतो. वडी तेलात सोडल्यावर हळूहळू वर यावी, लगेच उसळून आली तर तेल जास्त तापलंय. सहा-सात मिनिटं लागतात.

गर्दीसाठी युक्ती: दुपारी वड्या चार मिनिटं अर्धवट तळून पंख्याखाली गार करून ठेवा. ऑर्डर आली की दोन-अडीच मिनिटांत लाल. न तळलेल्या भरून ठेवल्या तर तासाभरात खालून ओल्या होतात.

मुंगवड्यांना डाळ चार तासच भिजवा, वाटताना पाणी नको, आणि जाडसर ठेवा. सोबत तळलेली मिरची आणि कढी. संपलं.

पाटोडी रस्सा

श्रावणात मटण थांबतं तेव्हा दुकान हाच चालवतो, म्हणून दुय्यम समजू नका. २५० ग्रॅम बेसनाला ५५० मिली पाणी. फोडणीत जिरं, ओवा, तीळ, आलं-लसूण-मिरची, हळद. पाणी घालून उकळी आली की बेसन एका हातानं भुरभुरत दुसऱ्या हातानं घोटत राहा. झाकून मंद आचेवर सहा-सात मिनिटं. चमचा मधोमध उभा राहिला आणि गोळा कडा सोडू लागला की तेल लावलेल्या परातीत एक सेंटिमीटर जाडीचा थापा. कोमट असताना कापा. पूर्ण गार झाल्यावर कापली तर कडा तुटतात.

रस्सा वेगळा, वड्या वेगळ्या. वड्या रश्श्यात आधीपासून टाकून ठेवल्या तर अर्ध्या तासात तो पिठल्यासारखा होतो आणि वड्या फुगून बेचव. वाटीत पाच वड्या, वरून उकळता रस्सा, लगेच टेबलावर.

सावजी मटण

नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातून आलेली ही पद्धत. मसाल्याच्या पदार्थांची संख्या सांगून बढाई मारणारे पुष्कळ आहेत. संख्येपेक्षा प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला की नाही ते महत्त्वाचं. एक किलो मटणासाठी: धने ३० ग्रॅम, सुकं खोबरं ५०, खसखस १५, ज्वारीचं पीठ २०, लाल मिरची ३०, काळी मिरी ६, लवंग ३, दालचिनी ४, शहाजिरं ४, दगडफूल ३, सुंठ ३, मसाला वेलची दोन, तेजपान दोन. रंगासाठी भिवापुरी मिरची घ्या. खसखस आणि पीठ कोरडं भाजायचं, बाकी थोड्या तेलात. सगळं एकाच कढईत एकदम टाकलं की दगडफूल जळतं आणि धने कच्चे राहतात. रश्श्याला जो विचित्र कडवट शेवट येतो तो बहुतेक जळक्या दगडफुलाचा.

मटणाला मीठ, हळद, ६० ग्रॅम आलं-लसूण लावून तासभर. १५० मिली तेलात २५० ग्रॅम कांदा गडद तपकिरी, मग मटण, पाणी न घालता पंधरा मिनिटं परतणं. मसाला घातल्यावर आच कमी, आणि कडेनं तेल सुटेपर्यंत हलवत राहा. इथं घाई केली की तर्री वर येत नाही. मग पोरं वरून लाल तेल ओततात, आणि जाणत्या माणसाला ते लगेच कळतं. नंतर दीड लिटर उकळतं पाणी. गार पाणी घातलं की मटण आखडतं. झाकून मंद आचेवर सव्वा ते दीड तास. जवसाचं तेल वापरायचं असेल तर ताज्या घाण्याचं आणि थोडं थोडं आणा. ते लवकर खवट होतं.

पाच किलोचा घाट असेल तर पाणी पाचपट नको. मोठ्या पातेल्यात वाफ कमी जाते. साडेपाच ते सहा लिटरला थांबा. तिखटही साडेचारपटीत भागतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नेहमीच्या दुप्पट मटण लागतं. बोकड आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा.

उरलेला रस्सा पातेल्यातच झाकून रात्रभर ठेवायची सवय मोडा. परातीत पसरून दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये टाका, आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच, एकदाच, खळखळून उकळा. सोबत पश्चिमेकडं ज्वारीची भाकर, भंडारा-गोंदियाकडं भात. भाकर मागणीनुसारच थापा. करून ठेवलेली भाकर चामडं होते.

टेबलावरचा क्रम

गिऱ्हाईक बसल्यापासून पाच मिनिटांत पाणी आणि भाजलेले शेंगदाणे, दहा मिनिटांत पहिलं पेय, पंधराव्या मिनिटाला सांबारवडी. चकणा उशिरा आला की रिकाम्या पोटी दुसरा पेग जातो आणि टेबल बिघडतं. दुसऱ्या पेयाच्या वेळीच जेवणाची ऑर्डर घ्या. आपल्याकडं "अजून बसू" म्हणत साडेदहा होतात आणि मग सगळ्यांना एकदम भाकरी हव्या असतात. रस्सा आला की ताकाचा पेला न मागता ठेवा, बिलात लावू नका. मोटरसायकलवर आलेल्याला तिसरं पेय दारूशिवायचं सुचवा. त्याच ग्लासात, तेवढ्याच बर्फात दिलेलं अंबाडीचं पेय नाकारणारा क्वचितच भेटतो.

कुटुंबाची बसायची जागा वेगळी काढा आणि तिथं पेयांचं तेच कार्ड द्या, फक्त दारूशिवायची बाजू वर. बायकामुलं जिथं आरामात पन्हं पितात तिथं पुरुषही आवाज खाली ठेवतात.

रात्री बंद करताना उघड्या बाटल्यांची पातळी वहीत लिहा, पाकाच्या बाटल्यांवर तारीख घाला, संत्र्याचा उरलेला रस फेका. तो सकाळी कुणालाच द्यायच्या लायकीचा नसतो.